गोळीचं गाऱ्हाणं

गोळी हरभऱ्याएवढी, पिवळी. पण मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात तिला घेऊन चार माणसं आली. एक ट्रे धरायला, एक पाणी धरायला, एक घड्याळ बघायला आणि एक नुसतं घाबरायला. घाबरणारी होती डॉक्टर मृणालिनी. एकोणीसशे पंच्याऐंशी साल उजाडलं तरी ही नवी गोळी अजून एकाही माणसाच्या पोटात गेली नव्हती.

खाटेवर विक्रोळीचा धाकू. पोटातली गाठ लिव्हरपर्यंत पोचलेली, बाकीची औषधं सगळी हरलेली. पायाशी त्याची बायको रुक्मिणी, पदराचं टोक पिळत बसलेली.

"काका, परत सांगते हं," मृणालिनी म्हणाली. "तुम्हाला गुण येईलच असं नाही. माणसाला ही गोळी किती झेपते, तेवढंच आत्ता बघायचंय. नको वाटलं तर अजूनही नाही म्हणा."

"आधी कोणी खाल्ली?"

"उंदरांनी. त्यांच्या गाठी निम्म्या झाल्या."

"आणि उंदीर?"

मृणालिनी ट्रेकडे बघायला लागली. "गाठ मोजायची तर... त्यांना मारावं लागतं, काका."

धाकू उठून बसला. "थांब गो बाय. गाऱ्हाणा घालूक व्हया."

मूळचा कोकणातला माणूस तो. गाऱ्हाणं घातल्याशिवाय होडी पाण्यात ढकलत नाही, तर ही गोळी कशी ढकलणार? एकानं देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. धाकूनं हात जोडले आणि असा आवाज लावला, की खालच्या मजल्यावर भूल दिलेली माणसं उठून बसली म्हणतात.

"बा देवा महाराजा! ह्या गोळयेपायी जे उंदीर गेले, तेंका तुझ्या पायाशी जागा दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या मागसून जे कोण ही गोळी खातले, तेंका गुण येव दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आता अख्खा वॉर्ड.

धाकूनं गोळी उचलली.

"आणि मधल्याचा काय ओ?" रुक्मिणी ताडकन उभी राहिली. आयुष्यात कधी बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिनं धाकूकडे बोट केलं, मग हात जोडले. "मधल्याक पण राख रे महाराजा!"

 मग "व्हय महाराजा" आलं ते एकाच गळ्यातून, मृणालिनीच्या.

धाकूनं गोळी जिभेवर ठेवली. पाण्याचा घोट घेतला. त्याचा कंठमणी वर गेला, खाली आला. आणि रांगेतल्या प्रत्येक खाटेवर, एकेकानं आवंढा गिळला.