कॅमेऱ्यावरचं कुंकू

दसऱ्याची पूजा आटोपून गोसावींनी नवी गाडी रिव्हर्सला टाकली. तिचा मागचा कॅमेरा आत्ताचं नाही, तर अर्ध्या मिनिटाने पुढचं दृश्य दाखवायचा; ते नेहमीप्रमाणे पडद्यावर उमटलं. चाकाशी एक लाल डाग होता.

"कॅमेऱ्यालाही कुंकू फासलंस का?" ते बायकोवर खेकसले.

"मी डिकीला लावलंय."

मागे शेजारची रेवती लेकीला कडेवर घेऊन उभी होती. "काढा लवकर. जागा माझी आहे, आधी जुनी गाडी, आता ही; वर्षभर अडवून बसलात."

"आधी वाटेतून सरका."

"बाजूलाच आहे मी. दिसत नाही का?"

आरशात खरंच वाट मोकळी होती. गोसावींचा पाय ब्रेकवरून उचललाच जात होता, पण नव्या गाडीच्या पडद्यावर डाग त्यांना खपेना. हँडब्रेक ओढून, रुमाल घेऊन ते चिडूनच उतरले.

कॅमेऱ्याची काच स्वच्छ होती.

त्यांच्याशी हातवारे करून भांडायला रेवतीने लेकीला खाली सोडलं होतं. हारातून गळलेला झेंडू उचलायला ती लाल परकरातली पोर चाकामागे फतकल मारून बसली होती.

रेवतीने लेकीला उचलून इतकं घट्ट धरलं की ती रडू लागली.

"जागा माझीच आहे," ती कापऱ्या आवाजात म्हणाली.

"असेल," म्हणत गोसावी गाडी बंद करायला वळले.