अजून ठरलं नाही

आईने सहज म्हणून एका कॉलेजात ऑनलाइन एमबीएची चौकशी केली आणि तेव्हापासून त्या कॉलेजचा प्रवेशवाला दर आठवड्याला फोन करतो. फोन आला की आई गॅस बारीक करते, हात पुसते आणि स्टूल ओढून मोबाइल स्पीकरवर टाकून बसते. "मॅडम, तुम्हाला पुढे काय करायला आवडेल?" असं तो विचारतो. एरवी 'भाजी कुठली करू' याच्यापलीकडे फारसं न बोलणारी माझी आई त्याला स्वतःचं दुकान कसं असेल, माणसं कशी नेमेन, पाटी कुठल्या रंगाची लावेन, सगळं हसत हसत सांगते. शेवट मात्र ठरलेला असतो. "अजून ठरलं नाही हो. पुढच्या आठवड्यात करा ना फोन."

बाबा वैतागले. "अगं, करायचं तर कर, नाहीतर नाही म्हणून टाक. बिचाऱ्याला किती झुलवशील? आणि माझा निळा शर्ट कुठाय?"

वादविवाद स्पर्धा जिंकल्यापासून घरातले सगळे प्रश्न मीच सोडवायला घेतलेत, म्हणून हाही घेतला. आईचा मोबाइल उचलून म्हटलं, "मी सांगते त्याला. एकदा नाही म्हटलं की फोन बंद होतील आणि तू सुटशील."

आईने मोबाइल हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

"हो म्हटलं तरी बंदच होतील ना गं."