त्या चौघांत मुकादम कोण होता?

निरोपाची वाक्यं तिनं मनात तीनदा घोळवली होती. एकटीनं वाचलं की अभ्यास नीट होतो. यापुढं मी येणार नाही. आल्याआल्याच ती शिंपीणकाकूंना म्हणाली होती, "शेवटी मला काही सांगायचंय." रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत दिवस काढणारीला गोंधळ सोसत नाही, आणि काकूंच्या दुकानाच्या माळ्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांत बसून काकू, म्हातारे मास्तर, एक गवंडी, एक नर्स आणि ती अशा पाच जणांनी दर रविवारी करायचा बायबलचा अभ्यास म्हणजे निव्वळ गोंधळ.

मास्तरांनी मार्कच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून संपवली. घरात मुंगी शिरायला जागा नाही, म्हणून चौघे जण छप्पर उघडतात आणि पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट येशूपुढं उतरवतात.

तिच्या वहीत या उताऱ्यावर सहा पानं होती. ती तोंड उघडणार, एवढ्यात गवंडी म्हणाला, "त्या चौघांत मुकादम कोण होता?"

"तसं काही लिहिलेलं नाही, दादा," ती म्हणाली.

"असणारच. चार दोर चौघांच्या हातात. एकानं आवाज दिल्याशिवाय ओझं सरळ उतरतं होय?"

"मार्कमध्ये दोरसुद्धा नाहीत. मी वीस वेळा वाचलंय."

"तुम्ही वाचलंय, ताई. मी अशी ओझी उतरवलीत."

"भांडता कशाला?" काकू उठल्याच. "दोर आहेत, बाक आहे, आणि छप्पर उघडायचीही गरज नाही."

गठ्ठे वर ओढायला माळ्याच्या मधोमध चौकोनी तोंड ठेवलेलं होतं. बाकाच्या चार कोपऱ्यांना दोर बांधले गेले, बाकावर एक गठ्ठा आडवा झाला. मास्तरांनी चष्मा खिशात टाकला. ती बघत राहिली, बाकीच्या चौघांनी एकेक दोर धरला.

"सोडा!" गवंडी ओरडला.

नर्सचा दोर सुळकन गेला, मास्तरांचा जागचा हलेना. बाक कलंडलं आणि गठ्ठा धप्पकन खाली.

"गेला पेशंट!" नर्स ओरडली. "आता याला माझ्या वॉर्डात आणा!"

सगळे हसले. ती हसली हे तिला मागाहून कळलं.

गवंडी तेवढा हसला नाही. "जो तो आपापला दोर बघत होता," तो म्हणाला. "आपला बघायचा नाही. शेजारच्याचे हात बघायचे. ते जेवढं सोडतील तेवढंच आपण."

वीस वेळा वाचताना हे हात तिला एकदाही दिसले नव्हते.

"पुन्हा करू," ती म्हणाली. "पण गठ्ठा नको. गठ्ठ्याला काय कळलं ते सांगता येत नाही. मी झोपते."

"डोकं फिरलं का, ताई?"

"माझे बावन्न किलो, बाकाचे आठ. प्रत्येकी पंधरा."

"आणि मास्तरांचं वय?" काकूंनी विचारलं.

"माझं वय दोराला लागत नाही," मास्तर म्हणाले आणि पाय रोवून बसले.

नर्सनं खाली गठ्ठ्यांची गादी रचली, मगच दोर हातात घेतला. "तुम्हाला शेवटी काही सांगायचं होतं ना?" ती बाकावर आडवी झाली तशी काकूंनी दम भरला. "मग धड खाली पोचा!"

"हळू," गवंडी म्हणाला. "हळू... आता काकू... मास्तर, थोडं."

बाक उतरू लागलं. ती पाठीवर पडून वर बघत होती. चौकोनात चार चेहरे होते. घामेजलेले, ओठ घट्ट मिटलेले. त्यांतला एकही तिच्याकडे बघत नव्हता. नर्सचे डोळे मास्तरांच्या हातांवर, मास्तरांचे काकूंच्या, काकूंचे गवंड्याच्या, गवंड्याचे पुन्हा नर्सच्या. बाक पाण्यावर ठेवल्यासारखं सपाट होतं.

येशूनं त्यांचा विश्वास पाहिला, असं त्या गोष्टीत आहे. त्या ओळीखाली तिनं वहीत दोन रेघा मारल्या होत्या. तो विश्वास डोळ्यांना दिसतो कसा, हे सहा पानांत कुठंच नव्हतं.

"हातभर राहिलं," वरून गवंड्याचा आवाज आला. "टेकवू, ताई?"

"थांबा," ती म्हणाली. "इतक्यात टेकवू नका."