सातवी ब कशी सुधारली

"मारायचं नाही, ओरडायचं नाही, मग काय हात जोडायचे?" गणिताच्या सरांनी समुपदेशक बाईंना विचारलं. अवखळ मुलांना कसं हाताळावं, या विषयावरचं बाईंचं व्याख्यान त्यांनी चहा येईपर्यंत ऐकलं होतं. चहा आला, सरांनी तो पिऊन हजेरीवर सही ठोकली आणि वर्गाची वाट धरली.

सातवी ब म्हणजे सरांच्या हिशेबी बेचाळीस नग, त्यातला एकही कामाचा नाही. सगळ्यांचा अर्क म्हणजे भुंगा. तास सुरू झाला की ही मुलगी तोंड मिटून गुणगुणायची. आवाज तिचाच, हे सगळ्यांना ठाऊक; सिद्ध मात्र कधी झालं नाही.

सरांना पर्यवेक्षक व्हायचं होतं. मुख्याध्यापिकांनी आडपडदा ठेवला नव्हता. वर्ग ताळ्यावर आला तर नाव वर पाठवते, म्हणाल्या; नाहीतर निवृत्तीपर्यंत तुम्ही आणि सातवी ब.

सरांनी ठेवणीतला उपाय काढला. डस्टर टेबलावर आपटायचं, आवाज वरच्या मजल्यापर्यंत न्यायचा आणि एकेकाची अक्कल काढायची.

"तुमच्यापेक्षा हा फळा हुशार. लिहिलेलं पुसेपर्यंत धरून तरी ठेवतो."

पहिला आठवडा पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या आठवड्यात फरक दिसला. डस्टर आपटलं की बेचाळीस माना वहीत. कोणी चुकूनही वर बघेना. ओरडून घसा बसला आणि सर हळू आवाजात अपूर्णांक सांगू लागले, की वर्ग टवटवीत चेहऱ्याने ऐकायचा. एकदा पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आज छान समजलं, सर." भुंगाही गप्प होती.

या जातीला भीतीचीच भाषा कळते, असं सरांनी शिक्षकखोलीत जाहीर केलं. समुपदेशक बाई वर्गावरून जाताना खिडकीशी थांबून हसायच्या. हरलेलं माणूस दुसरं काय करणार, असं म्हणून सरांनी त्यांना माफ करून टाकलं.

निवडीच्या दिवशी मुख्याध्यापिका संस्थेच्या अध्यक्षांना घेऊन वर्गात आल्या. सर आधीच फुगलेले. तापवल्याशिवाय लोखंड वाकत नाही, हे त्यांनी अध्यक्षांना तीन वेळा तीन तऱ्हांनी ऐकवलं. अध्यक्षांना पटलंही. निघता निघता त्यांनी भुंग्याला उभं केलं आणि विचारलं, बाळ, एवढी सुधारणा झाली तरी कशी?

भुंग्याने सरांकडे पाहिलं. दुखण्यातून उठलेल्या माणसाकडे पाहावं, तसं.

"समुपदेशक बाईंनी आम्हाला शिकवलं, साहेब. कोणी आदळआपट करायला लागलं तर तिकडे बघायचं नाही. नीट वागलं की लगेच कौतुक करायचं. सुरुवातीला फार जड गेलं. पण आता सर तासाला एकदाच ओरडतात."