गाडीवरचा फोन

संध्याताईंनी आयुष्यभर माणसांच्या बोलण्यावर लिहिलं. कोण कुणाला अहो म्हणतं, कोण कुणापुढे आवाज खाली आणतं, हे टिपायला त्या रोज संध्याकाळी शालनच्या भाजीच्या गाडीपाशी रेंगाळायच्या. पुणं सोडून मुलाकडे नेदरलँड्समधल्या हार्लेमला आल्या आणि लिहिणं आटलं. मग त्यांनीच तोड काढली. इथली दुपारची जेवणं झाली, की तिकडे पुण्यात संध्याकाळ; तेव्हा शालनला फोन लावायचा आणि तिने तो तसाच चालू तराजूशेजारी ठेवायचा. "कोथिंबीर काय सोन्याची आहे का?" एवढं कानावर पडलं तरी त्यांचा दिवस सार्थकी लागायचा.

आज मात्र शालनच बोलायला लागली. "ताई, गाडीवर चिटपाखरू नाही. रोज तुम्ही ऐकता, आज तुमच्याकडचं मला ऐकवा की."

संध्याताईंनी खिडकी उघडून फोन बाहेर धरला. खाली दोन बायका सायकली हाताशी धरून बोलत उभ्या होत्या. बोलता बोलता एकीला रडू फुटलं. दुसरीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडतंय का कुणी?" शालनने विचारलं.

"हो गं."

"कशापायी?"

संध्याताईंनी कान देऊन ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"मला नाही कळत त्यांचं बोलणं."

"असू द्या. ओळखीची थोडीच आहे."

"चार वर्षं झाली," संध्याताई म्हणाल्या, "शेजारीण आहे माझी."