तिच्याहून खोल

रायपूरच्या उरला वस्तीत घरोघरी नळ आले, तेव्हा देवश्रीने आपला नळ अंगणात खड्डा खणून त्यात बसवला. शेजारच्या वनमालाला हसू आलं. तिने कमरेइतका ओटा बांधून त्याला गुलाबी टाइल्स लावल्या आणि वर तोटी बसवली. आज पाणी सुटलं, तर देवश्रीकडे धार आणि वनमालाकडे नुसती हवा. वनमालाचा जळफळाट झाला. “चोरून मोटर लावली का वं?” “मोटर कुठची, दीदी? प्रेशर कमी हाये, पाणी वर चढत नाही. आणा तुमचा पाण्याचा गुंड, भरून घ्या.” “काही गरज नाही!” वनमालाने नवऱ्याच्या हाती कुदळ दिली. “ओटा फोडा. तिच्याहून खोल खड्डा पायजे मले.” घामाघूम नवऱ्याने पाणी मागितलं, घरात थेंब नव्हता. तांब्या घेऊन ती देवश्रीच्या खड्ड्यात उतरली. एका हाताने तो भरला आणि दुसऱ्या हाताच्या वितीने हळूच खड्डा मोजला.