नाव कोणी दिलं?

समंदरने बंदुकीची नळी लाल मर्जानच्या छातीला टेकवली, तेव्हा तो पाटाच्या पाण्यात गुडघाभर उभा होता. मक्याला पाणी सोडत होता. त्याने हातातलं फावडं टाकलं नाही, की पळायला बघितलं नाही.

"अकरा दिवस वाट बघतोय तुझी," तो म्हणाला. "आज सवड झाली?"

समंदर सुटून आल्याला अकरा दिवस झाले होते. त्याआधी पाच वर्षं तो परदेशी फौजेच्या कैदेत होता. पुलाजवळच्या वळणावर सुरुंग पेरून त्याने फौजेची गाडी उडवली, असा आळ होता. सुरुंगाची तार त्याच्याच गोठ्यात, गवताखाली सापडली होती. समंदरने जन्मात सुरुंग पाहिला नव्हता. दिवा कधीच न मालवणाऱ्या खोलीत बसवून ते त्याला रोज विचारायचे, तार कोणी दिली? आणि ते गेले की तो स्वतःला विचारायचा, माझं नाव कोणी दिलं? त्या पाच वर्षांत त्याचे दोन दात गेले, बाप गेला, आणि जिच्याशी लग्न ठरलं होतं ती पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली.

गावाच्या मनात मात्र शंका नव्हती. लाल मर्जान त्याचा सख्खा चुलतभाऊ. अक्रोडाच्या बारा झाडांवरून दोन्ही घरांत आजोबांच्या वेळेपासून वैर. तार गोठ्यात टाकणारा तोच आणि नाव सांगणाराही तोच, दुसरं कोण असणार? मशिदीच्या भिंतीला टेकून बसणारे म्हातारे समंदर दिसला की मुद्दाम मोठ्याने बोलायचे, "बंदूक गंजलीय, की हात?" आज सकाळी धाकट्या भावाने, बाज मीरने, बंदुकीला तेल लावून ती त्याच्या पुढ्यात आणून ठेवली. "गोळी मीच घातली असती दादा. पण हक्क तुझा आहे."

"कलमा म्हण," समंदर म्हणाला.

"म्हणतो. पण तू आधी एक आठव." लाल मर्जान शांत होता. "फौज आली त्या दिवशी सगळ्या पुरुषांना मशिदीच्या अंगणात एका ओळीत बसवलं होतं. पहाटेपासून. हात मागे बांधून. तू माझ्या डाव्या हाताला होतास. खांद्याला खांदा लागत होता आपला. मी कोणाशी एक शब्द तरी बोललो?"

समंदरने नळी आणखी दाबली.

"माझ्याशी कोणी बोललं? कोणाही पुरुषाशी बोललं?"

समंदरने पाच वर्षं एकेका पुरुषाचं तोंड आठवून पाहिलं होतं. तो दिवस मात्र त्याने असा कधी आठवला नव्हता. आता त्याला सगळं दिसलं. खरंच कोणी बोललं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कागद घेऊन एक सैनिक आला होता आणि त्याने पहिलंच नाव वाचलं होतं, समंदर, बाप सरवर. तो सैनिक वरून आला होता. घरांच्या बाजूने. त्याच्यामागून फौजेतल्या दोन बायका उतरत होत्या. टोपाखाली ओढणी बांधलेल्या. बायकामाणसांची झडती घ्यायला आणलेल्या.

"मी वैरी आहे तुझा," लाल मर्जान म्हणाला. "झाडं मी सोडणार नाही. पण परक्यांच्या हातात घरचं माणूस दिलं नाही मी. आता घाल गोळी, नाहीतर बाजूला हो. पाणी दुसरीकडे चाललंय."

समंदरने बंदूक खाली केली.

घरी आई तंदूरपाशी बसून मक्याच्या भाकऱ्या थापत होती. तिने आधी बंदुकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मारलंस त्याला?"

"नाही."

तिचे हात थांबले. तोंडातल्या तोंडात तिने देवाचं नाव घेतलं. तंदूरमधली भाकरी करपायला लागली, तरी तिने ती काढली नाही. पाच वर्षांपूर्वी ती केस काळे असलेली बाई होती, हे समंदरला तेव्हा उगाच आठवलं.

"आई, त्या दिवशी फौजेतल्या बायका आपल्या घरात आल्या होत्या. काय विचारलं त्यांनी?"

"तार तोवर सापडली होती," ती म्हणाली. जणू रोज मनात म्हणून पाठ झालेलं बोलत होती. "त्यांच्याबरोबर आपली भाषा बोलणारी एक पोरगी होती. ती म्हणाली, तुला दोन मुलगे. यातल्या एकाने हे केलंय. कोणी केलं ते सांग, नाहीतर दोघांनाही नेतील."

"आणि तू माझं नाव दिलंस."

"हो."

"मी केलं असं वाटलं तुला?"

"नाही रे. कोणी केलं ते मला ठाऊक होतं. तार बाज मीरने आणली होती. माझ्या डोळ्यांदेखत गवताखाली लपवली त्याने."

समंदरने हातातल्या बंदुकीकडे पाहिलं. बाज मीरच्या हातचं तेल अजून बंदुकीला ओलं होतं.

"मग मी का, आई?"

तिने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाज मीरला त्यांनी जिवंत सोडलं नसतं, बाळा. तू तर काहीच केलं नव्हतंस. म्हटलं, निर्दोष माणसाला ते ठेवून ठेवून किती दिवस ठेवतील?"